कुत्रा गवत खातोय? आधी बांधावर काय फवारलंय ते विचारा

आजचा प्रश्न पुणतांब्याहून आलाय, व्हॉइस नोटवर. "दादा, आमचा मोती रोज सकाळी वस्तीमागच्या बांधावर हरळी खातो. कधी ओकतो, कधी नाही. आई म्हणते, पोट बिघडलंय. खरंय का?"

दर वेळी नाही. अमेरिकेत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड हजारांहून जास्त कुत्रेवाल्यांना हेच विचारलं. २००८ साली निष्कर्ष छापून आले. गवत खाण्याआधी कुत्रा आजारी वाटायचा, असं सांगणारे शंभरात फक्त ९. खाल्ल्यावर नेहमी ओकतो म्हणणारे २२. म्हणजे बहुतेक कुत्री चांगली ठणठणीत असतानाच गवत खातात.

मग खातात कशाला? लांडग्यांच्या विष्ठेतही गवत सापडतं. कुत्र्याला गवत नीट पचत नाही, पाती तशीच बाहेर पडतात. जाताना ती आतड्यातले जंतही ओढून नेत असतील, असा संशोधकांचा अंदाज आहे. जंत नसले तरी सवय राहिली. म्हणून मोतीला ओरडू नका, जंताचं औषध मात्र वेळेवर द्या.

आता खरी काळजीची गोष्ट. पुणतांबा म्हणजे गोदाकाठचं बागायती गाव. ऊस, सोयाबीन, कांदा आला की बांधावर तणनाशकही आलंच. ग्लायफोसेट मारलेलं गवत पुढे चार-पाच दिवस हिरवंच दिसतं. मोतीला काय कळणार? पॅराक्वाट तर त्याहून वाईट. ते पोटात गेलं तर त्यावर उतारा औषधच नाही, ना कुत्र्याला, ना माणसाला. फवारा ओला असताना धोका सगळ्यात जास्त.

आणखी दोन गोष्टी. कांदा आणि कांद्याची पात कुत्र्याला विषारी, कच्ची असो वा शिजवलेली. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि वाळक्या गवताचं कुसळ नाकात, कानात, घशात रुतून बसतं.

मग करायचं काय? शेजारच्या वावरात फवारणी कधी आहे, ते आधीच विचारून ठेवा. त्या दिवसांत मोतीला बांधून ठेवा. जुन्या घमेल्यात माती भरून घरीच हरळी लावा, ती खाऊ दे खुशाल.

एखाद वेळी ओकला आणि परत खेळायला लागला, तर घाबरू नका. पण सारखा ओकतोय, लाळ गळतेय, तोंडात फोड आलेत, रक्त पडतंय किंवा धाप लागलीय, तर थेट जनावरांचा दवाखाना गाठा. मिठाचं पाणी पाजून ओकवायला जाऊ नका. तणनाशकाच्या बाटलीच्या लेबलचा फोटो मात्र न्या. काय पोटात गेलंय हे डॉक्टरांना लगेच कळेल, तर उपचारही लगेच सुरू होतील.

तर दादा, आईंना सांगा, पोट बहुतेक ठीक आहे. बांधाकडे तेवढं लक्ष ठेवा. आणि मंडळी, हा भाग गावच्या ग्रुपवर टाका. फवारणारे आणि कुत्री पाळणारे, दोघंही तिथेच आहेत!