वीज थांबली, तळं राहिलं

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टोकोआ धबधब्याच्या वरच्या अंगाला केली बार्न्स नावाचं जेमतेम 12 मीटर उंचीचं धरण होतं. 1899 च्या सुमारास दगड-लाकडाचा बांध घालून सुरुवात झाली, पुढे वीजनिर्मितीसाठी मातीची भर पडत गेली. 1957 मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि उरलं ते करमणुकीचं तळं. 6 नोव्हेंबर 1977 ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मोठ्या पावसानंतर ते फुटलं. धबधब्याखालच्या बायबल कॉलेजच्या वसाहतीतली 39 माणसं गेली. या हकिकतीत मला 1957 हे साल सर्वांत महत्त्वाचं वाटतं. वीज देणाऱ्या धरणाकडे कुणी ना कुणी लक्ष ठेवतं, कारण बिघाड म्हणजे तोटा. नुसत्या तळ्याला असा राखणदार नसतो. भरावावरचा पाण्याचा दाब मात्र तेवढाच राहतो.

चौकशी मंडळाला फुटण्याचं एकच कारण ठामपणे सांगता आलं नाही. खालच्या बाजूचा उतार फारच खडा होता, त्याचा काही भाग घसरला असावा आणि पाझरानं त्यात भर घातली असावी, एवढाच अंदाज निघाला. मग आधी तपासणी करून काय साधलं असतं, असं कुणी विचारेल. पण 1973 च्या एका छायाचित्रात त्याच उतारावर माती घसरलेली दिसते. ती पाहायला एक जाणकार पुरे होता. फक्त तळं उतरवण्याचा हुकूम देण्याचा अधिकार त्याला हवा होता. जॉर्जियात तोवर तसा कायदाच नव्हता. तो 1978 मध्ये आला. केंद्राचा 1972 चा तपासणी कायदा होता, पण त्याला पुरेसा पैसा मिळाला नव्हता. टोकोआनंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तपासणी सुरू करवली, तेव्हा खाली वस्ती असलेल्या सुमारे 9,000 धरणांपैकी जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित निघाली.

दुरुस्तीचा खर्च छोट्या मालकाला झेपत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण करमणुकीच्या तळ्यावर कुणाचं शेत किंवा नळ अवलंबून नसतो. पाणी कमी ठेवणं किंवा बांध कापून तळं रिकामं करणं हा मार्ग तिथे नेहमीच खुला असतो. अशा बुटक्या धरणांकडे दुर्लक्ष होण्याचं आणखी एक कारण म्हणजे उंचीवरून धोका मोजण्याची सवय. ती सहज जात नाही. भारताचा 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटरच्या धरणांना 500 मीटर लांबी किंवा 10 लाख घनमीटर साठा अशा अटींपैकी एखादी पूर्ण करावी लागते. केली बार्न्सची लांबी सुमारे 120 मीटर होती आणि फुटताना त्यात 8 लाख घनमीटरही पाणी नव्हतं.