खाशाबा थोर की मारुती माने?

सातारा-सांगलीकडच्या यात्रांतील कुस्त्यांचा फड उठला, की तालमीच्या कट्ट्यावर एक वाद हमखास रंगतो : गोळेश्वरचे खाशाबा जाधव थोर, की कवठेपिरानचे मारुती माने? वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दोघांपैकी एकासही लढताना पाहिलेले नसते. त्यामुळे आवाज अधिकच चढतो.

या दोघांची जोड लागणेच शक्य नव्हते, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले ते ५७ किलोंच्या गटात. माने यांनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक जिंकले ते ९७ किलोंच्या गटात. म्हणजे तब्बल ४० किलोंचे अंतर! तेव्हा तुलना करावयाची ती अंगबळाची नव्हे, तर ज्याच्या त्याच्या काळातील अडचणींच्या मानाने साधलेल्या यशाची.

मातीत पाय रुततो, घामेजलेल्या अंगाला माती चोळली म्हणजे पकड बसते, आणि पाठ टेकेपर्यंत निकाल नसतो. गादीवर पाय झपाट्याने फिरतो, घड्याळ चालू असते आणि गुणांवरही कुस्ती जाते. मातीत वाढलेले खाशाबा १९४८ साली लंडनला अशा गादीवर प्रथमच उतरले आणि तरीही ५२ किलोंच्या गटात सहावे आले. पुढच्या चार वर्षांत त्यांनी वजनाचा गट बदलला आणि मातीतली ढाक गादीवर चालविली. हेलसिंकीच्या वाटखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेथे त्यांना हरविणाऱ्यांत सुवर्णपदक मिळविणारे जपानचे इशी होते.

माने यांच्या बाजूनेही मोठी गोष्ट आहे. जकार्तालाच त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात रौप्यपदक घेतले. या प्रकारात कमरेखाली हात लावण्याची मुभा नसते; पायाच्या डावांवर पोसलेल्या मल्लाला हे एक हात बांधून लढण्यासारखेच. पुढे १९६४ साली ते हिंदकेसरी झाले. सर्व तऱ्हांच्या कुस्त्यांत इतका संचार खाशाबांच्या वाट्याला आला नाही.

तथापि, पारडे खाशाबांकडेच झुकते. त्यांच्यासमोर साऱ्या जगाचे मल्ल होते आणि पाठीशी गाव व चार सुहृद यांपलीकडे फारसे कोणी नव्हते. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास १९९६ साल उजाडले. कुस्तीत तर २००८. अर्थात, या ५६ वर्षांत खाशाबांची थोरवी किती आणि इतरांची अनास्था किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

आता कट्ट्यावरच्या वादात एक नवे नाव आले आहे. २०२३ साली सांगलीतच झालेल्या पहिल्या महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सांगलीची प्रतीक्षा बागडी विजयी झाली. तिची तुलना मागच्या कोणाशी करावी, हे मात्र तालमीतल्या जुन्या वस्तादांनाही अद्याप सुचलेले नाही.