मोटारीच्या पेट्रोलाचा हिशेब

ज्या घरीं मोटार आहे त्या घरीं आलेला पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो: "गाडी ॲव्हरेज किती देते?" उत्तरही तत्काळ मिळतें. कोणी लिटरास अठरा किलोमीटर सांगतो, कोणी वीस. हा आंकडा कोठून आला म्हणून विचारावें, तर तो बहुधा विक्रेत्यानें सांगितलेला अथवा जाहिरातींत वाचलेला असतो. जाहिरातींतील आंकडा खोटा असतो असें नव्हे. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेली 'एआरएआय' ही अशा चांचण्या करणाऱ्या संस्थांपैकीं एक होय. तेथें मोटारीचीं चाकें फिरत्या रुळांवर ठेवून, ठरलेल्या क्रमानें वेग कमीअधिक करीत, ती चालवितात व पेट्रोल मोजतात. परंतु त्या रुळांवर घाटकोपरचा लालबहादूर शास्त्री मार्ग नसतो. आणि सायंकाळीं सात वाजतांचा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता तर नसतोच. दोन मोटारींची परस्परांशीं तुलना करण्यास तो आंकडा उपयोगी. आपल्या घरचा खर्च जाणण्यास आपलाच आंकडा काढला पाहिजे.

रीत सोपी आहे. पंपावर टाकी पूर्ण भरावी व नळीचा खटका आपोआप पडला कीं थांबावें. त्या वेळीं मोटारीच्या मापकावर दिसणारे किलोमीटर वहींत लिहावे. पुढल्या खेपेस शक्यतों त्याच पंपावर पुन्हां टाकी पूर्ण भरावी, आणि किलोमीटर व किती लिटर पेट्रोल बसलें तें टिपून ठेवावें. समजा, पहिल्या वेळीं मापकावर १८,४२० होते व दुसऱ्या वेळीं १८,७५२ झाले. मधलें अंतर ३३२ किलोमीटर. पेट्रोल बसलें २७.४ लिटर. भागाकार केला कीं लिटरास १२.१ किलोमीटर हें उत्तर येतें. हें एवढें सोपें असूनही आपल्याकडे तें होत नाहीं, याचें कारण "पांचशेंचें टाका" ही आपली पंपावरील नित्याची भाषा. असें म्हणणाऱ्यास पैसे किती गेले हें नेमकें कळतें, पण टाकींत आधीं किती होतें व आतां किती झालें, याचा कांहींच पत्ता लागत नाहीं. वही ठेवण्याचें काम घरांतील शाळकरी मुलामुलींनीं अंगावर घ्यावें. वडील माणसांस पंपावर घाई असते.

एका खेपेच्या उत्तरावर मात्र विसंबूं नये. खटका कधीं लवकर पडतो, कधीं उशिरां. पांचसहा खेपांनंतर ही चूक विरून जाते. येथें गणिताच्या विद्यार्थ्यांस एक सापळा आहे. मोटार ३०० किलोमीटर गर्दींतून लिटरास १० प्रमाणें चालली आणि ३०० किलोमीटर मोकळ्या रस्त्यानें लिटरास २० प्रमाणें चालली, तर सरासरी किती? घाईनें १५ म्हणूं नये. पहिल्या प्रवासास ३० लिटर लागले, दुसऱ्यास १५. ६०० किलोमीटरांस ४५ लिटर, म्हणून सरासरी १३.३ होय. याच गणितांतून दुसरी एक गोष्ट निघते, ती बहुतेकांस खरी वाटत नाहीं. लिटरास ८ देणारी मोटार १० देऊं लागली तर हजार किलोमीटरांत २५ लिटर वांचतात. १६ देणारी २० देऊं लागली तर केवळ साडेबारा. तेव्हां घरीं दोन गाड्या असतील तर आधीं अधिक खाणारीकडे लक्ष द्यावें.

आतां पेट्रोल जातें कोठें, तें पाहूं. एक हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशीं ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर, वेगानें जात असतां तिच्या अंगीं ५०,००० ज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबून तिला उभी केली कीं ती ऊर्जा घर्षणानें उष्णता होऊन हवेंत जाते. पुन्हां तोच वेग घ्यावयाचा तर ती पेट्रोलांतून नव्यानें द्यावी लागते. एक लिटर पेट्रोलांत सुमारें ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा असते. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ८० लाख, चाकांस मिळतो असें धरूं. मग अशा प्रत्येक थांब्यास सहा मिलिलिटरांहून थोडें अधिक, म्हणजे सुमारें सव्वा चमचा पेट्रोल खर्ची पडतें, आणि १६० थांब्यांत एक लिटर संपतें. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. ताशीं ७२ वरून एकदम उभें राहणारा प्रत्येक वेळीं २५ मिलिलिटर घालवितो. द्रुतगती मार्गावर पुढें लाल दिवा दिसत असतांही वेग वाढवीत जाणाऱ्या गृहस्थांनीं हें गणित एकदां सोडवून पाहावें. दुरूनच पाय उचलला तर मोटार आपल्याच वेगानें तेथवर जाते. हल्लींच्या इंजिनांत गाडी गियरमध्यें ठेवून पाय काढला असतां, वेग पुरेसा असेपर्यंत, पेट्रोलाचा पुरवठाच बंद होतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत बनलेल्या पद्मिनी टॅक्सीच्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या, काळची उतारावर न्यूट्रल करण्याची युक्ति आतां निरुपयोगी तर आहेच, शिवाय धोक्याचीही आहे.

उभ्या मोटारीचें इंजिन चालूं असलें तर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जातें, आणि अंतर मात्र शून्य. दिवा अर्ध्या मिनिटाहून अधिक लाल राहणार असेल तर इंजिन बंद करणें फायद्याचें. नोव्हेंबर २०२२ मध्यें अंधेरीचा गोखले पूल वाहतुकीस बंद झाला; त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्यें व दुसरी मे २०२५ मध्यें खुली झाली. त्या मुदतींत अंधेरीच्या पूर्वेहून पश्चिमेस नित्य जाणाऱ्या ज्या कोणीं वही ठेविली असेल, त्यास वळसा व खोळंबा या दोहोंची किंमत लिटरांत मिळाली असेल.

चाकांतील हवा पंधरा दिवसांनीं, गाडी थंड असतां, तपासावी. किती असावी हें बहुधा चालकाच्या दारालगत चिकटविलेल्या पट्टीवर छापलेलें असतें. डिकींत विसरून राहिलेलें ओझें काढावें.

वहींतील आंकडा घसरला म्हणजे लगेच मेकॅनिककडे धांव घेऊं नये. पेट्रोलांत आतां शंभरांत वीसपर्यंत इथेनॉल मिसळतात. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलाच्या सुमारें दोनतृतीयांशच असल्यानें, निव्वळ पेट्रोलाच्या मानानें अशा मिश्रणांत ती शंभरांत सहासातांनीं कमी भरते. पावसाळ्यांतही आंकडा उतरतो, म्हणून जुलैची तुलना मागील जुलैशीं करावी, जानेवारीशीं नव्हे. सीएनजीच्या गाड्यांस लिटराऐवजीं किलोग्रॅम लिहावे. मात्र तो वायु दाबानें भरतात, व पंपावरील दाब आणि हवेची उष्णता यांप्रमाणें टाकींत तो कमीअधिक मावतो. त्यामुळें अशा गाडीच्या हिशेबास पांचसहांऐवजीं दहाबारा खेपा धराव्या.