ऊसतोडीला निघताना बाळाचे लसीचे कार्ड घेतले का?

जनावरांना लाळ-खुरकुताची लस टोचून घ्यायला आपण विसरत नाही. बैल बसला की काम अडते, हे आपल्याला ठाऊक असते. घरातल्या तान्ह्या बाळाच्या लसींचा हिशेबही तितकाच चोख हवा.

जंतूंमुळे मेंदूच्या आवरणाला सूज येते, तो मेंदूज्वर फार घातकी. लहान मुलांत तो करणाऱ्या जंतूंपैकी ‘हिब’ आणि ‘न्यूमोकोकस’ हे दोन प्रमुख. हे जंतू नाका-घशात राहतात, खोकल्या-शिंकेतून पसरतात. वेळेत उपचार नाही मिळाले तर मूल दगावते. वाचले तरी कुणाचे कान जातात, कुणाला झटके येत राहतात, कुणाच्या बुद्धीची वाढ खुंटते.

लसीने काय साधते?

पश्चिम आफ्रिकेतला गांबिया हा भुईमूग पिकवणारा छोटा देश. तिथे १९९७ साली तान्ह्या मुलांना हिबची लस सुरू झाली. त्याआधी देशाच्या पश्चिम भागात एक वर्षाखालील दर लाख मुलांमागे वर्षाला दोनशेहून जास्त मुलांना हिबचा मेंदूज्वर होत असे. २००२ साली तो शून्यावर आला. मध्ये लसीचा पुरवठा तुटला होता, तरीही! कारण लस घेतलेल्या मुलांच्या घशात हा जंतू सहसा टिकत नाही. त्यामुळे शेजारचे लस न घेतलेले मूलही बऱ्याच अंशी वाचते.

आपल्याकडे काय मिळते?

हिबची लस ‘पेंटाव्हॅलंट’मध्ये येते. २०११ साली केरळ व तमिळनाडूत ती सुरू झाली, नंतर देशभर. न्यूमोकोकसची लस (पीसीव्ही) २०२१ पासून देशभर आहे. दोन्ही सरकारी केंद्रांत मोफत.

* पेंटाव्हॅलंट: दीड, अडीच व साडेतीन महिने
* पीसीव्ही: दीड व साडेतीन महिने, नंतर नऊ महिने पूर्ण झाल्यावर

आता हिशेब करा. सप्टेंबरअखेर जन्मलेल्या बाळाचे पेंटाव्हॅलंटचे तिन्ही डोस नोव्हेंबर ते जानेवारीत येतात. नेमके तेव्हाच आई-बाप फडावर, बाळ कोपीत! म्हणून कार्ड बरोबर न्या. ज्या गावी टोळी उतरेल तिथल्या आशाताईंना दाखवा, डोस तिथेही मिळतो. एखादा चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेलेच पुढे घ्यायचे. पण उशीर नको.

सरपंच व ग्रामसेवकांनी टोळ्या निघण्यापूर्वी तान्ह्या मुलांची यादी आशाताईंकडून करून घ्यावी. फडाच्या गावांनी आलेल्या कोप्यांतली मुले मोजावीत. मुकादमांनी लसीच्या दिवशी आईला सुट्टी द्यावी.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ताप, उलट्या, अंगावर न पिणे, टाळू फुगणे, मान ताठणे, झटके येणे यांपैकी काहीही दिसले तर अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. मूल तडक दवाखान्यात न्या. लस घेतलेली असली तरीही न्या.