‘करता येईल’ आणि ‘केले पाहिजे’ : इंग्लंडमधील स्थानिक संस्थांची कला-अनुदाने

नागरिकांच्या करातून जमलेला पैसा रस्ते, गटारे आणि दिवाबत्ती यांवर खर्च व्हावा, याविषयी कोठेही मतभेद नाही. त्याच पैशातून एखाद्या वस्तीतील नाट्यमंडळास अथवा भित्तिचित्रे रंगविणाऱ्या तरुणांच्या गटास साहाय्य द्यावे काय, हा प्रश्न मात्र नेहमीच वादाचा ठरत आला आहे. इंग्लंड व वेल्स येथील कायद्याने या प्रश्नाचे उत्तर १९४८ सालीच दिले. परंतु ते ज्या क्रियापदाच्या आधारे दिले गेले, त्याचे परिणाम तेथील कलासंस्थांना आजही भोगावे लागत आहेत. ते क्रियापद कोणते आणि ‘नव्या उपक्रमांस अनुदान’ या प्रचलित पद्धतीशी त्याचा संबंध काय, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

प्रथम संज्ञेचा विचार केला पाहिजे. इंग्रजीत ‘कम्युनिटी आर्ट्स’ म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्यास मराठीत ‘लोककला’ म्हणणे युक्त होणार नाही. कारण लोककला ही परंपरेने चालत आलेली असते, तर हा प्रकार ब्रिटनमध्ये १९६० नंतरच्या दशकात चळवळीच्या रूपाने उदयास आला. त्यास ‘समुदाय-कला’ म्हणता येईल. ग्रेट ब्रिटनच्या कला परिषदेने नेमलेल्या व प्राध्यापक हॅरल्ड बॉल्ड्री यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९७४ मध्ये आपला अहवाल सादर केला. समुदाय-कलावंत वेगळा ठरतो तो त्याच्या तंत्रामुळे नव्हे, तर समाजजीवनातील आपल्या कार्याच्या स्थानाकडे पाहण्याच्या त्याच्या दृष्टीमुळे, असा त्या अहवालाचा आशय होता. या व्याख्येतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. समुदाय-कलेचे फळ म्हणजे केवळ नाटक किंवा चित्र नव्हे. कलावंत आणि वस्ती यांच्यात जुळून येणारा संबंध हेच तिचे खरे फळ होय. आणि असा संबंध जुळण्यास काळ लागतो.

आता कायद्याकडे वळू गेल्यास असे दिसते की, १९४८ च्या स्थानिक शासन कायद्याच्या १३२ व्या कलमाने स्थानिक संस्थांना करमणूक व कला यांवर खर्च करण्याची सर्वसाधारण मुभा दिली. तिची कमाल मर्यादा मिळकतींच्या करपात्र वार्षिक मूल्यात दर पौंडामागे सहा पेन्स अशी होती. त्या काळी पौंडाचे २४० पेन्स होत असल्याने ही मर्यादा करपात्र मूल्याच्या चाळिसाव्या भागाइतकी, म्हणजे अल्प नव्हती. तथापि बहुतेक संस्थांचा प्रत्यक्ष खर्च तिच्या बराच खाली राहिला. पुढे १९७२ च्या कायद्याच्या १४५ व्या कलमाने हाच अधिकार अधिक विस्तृत शब्दांत आणि अशी मर्यादा न घालता दिला. नाट्यगृहे, वाद्यवृंद, कलांचे ज्ञान व अभ्यास यांची वृद्धी, तसेच इतरांनी केलेल्या अशा कार्याच्या खर्चास हातभार, हे सर्व त्यात येते.

परंतु या दोन्ही कलमांचे मुख्य क्रियापद एकच आहे : ‘मे’, म्हणजे ‘करता येईल’. याच्या उलट, सार्वजनिक ग्रंथालये व संग्रहालये यांविषयीच्या १९६४ च्या कायद्यात ग्रंथालयांसंबंधी ‘शॅल’ हे क्रियापद योजिले असून, सर्वांगीण व कार्यक्षम ग्रंथालयसेवा पुरविणे हे कर्तव्य ठरविले आहे. व्याकरणदृष्ट्या हा भेद शक्यार्थ आणि कर्तव्यार्थ यांचा आहे. व्यवहारात तो जगण्याचा आणि न जगण्याचा होऊ शकतो. विरल येथील परिषदेने अकरा ग्रंथालये बंद करण्याचे ठरविले, तेव्हा २००९ मध्ये शासनाने १९६४ च्या कायद्यान्वये चौकशी केली. परिषदेने कर्तव्याचा भंग केल्याचा निष्कर्ष निघाला आणि योजना मागे घेण्यात आली. कर्तव्यार्थी क्रियापदाने प्रत्येक ग्रंथालय वाचते असे मुळीच नाही. त्यानंतरही ब्रिटनमध्ये अनेक ग्रंथालये बंद पडली. पण दाद मागण्यास निदान एक जागा राहते. कला-अनुदान बंद झाल्यास तशी जागा राहत नाही.

बर्मिंगहॅमचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील परिषदेने सप्टेंबर २०२३ मध्ये आपली आर्थिक विपन्नावस्था कायद्यानुसार घोषित केली. पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात शहरातील प्रमुख कलासंस्थांचे अनुदान २०२४–२५ साठी निम्म्यावर आणण्याचे आणि २०२५–२६ पासून पूर्णतः थांबविण्याचे ठरले. त्या संस्थांत १९२० साली नगरपालिकेच्याच साहाय्याने उभा राहिलेला शहराचा वाद्यवृंदही होता. शंभर वर्षांच्या संस्थेची ही स्थिती, तर दोन वर्षांच्या वस्तीगटाची काय असेल, हे निराळे सांगावयास नको.

‘नव्या उपक्रमांस अनुदान’ या पद्धतीचे मर्म येथे उलगडते. अनुदान साधारणपणे दोन प्रकारचे असते : संस्थेच्या नित्य खर्चासाठी दिलेले आणि विशिष्ट मुदतीच्या प्रकल्पासाठी दिलेले. ज्या कामी कायद्याचे बंधन नाही, त्या कामी पुढील वर्षांचा शब्द देऊन बसणे परिषदेस अवघड वाटते. नवा प्रकल्प मात्र वर्षाच्या अंदाजपत्रकात बसतो, त्याची घोषणा करता येते, आणि मुदत संपली की तो आपोआप संपतो. तेथे अनुदान ‘बंद केले’ असा ठपका येत नाही. नवीनतेच्या अटीचा लाभही नाकारता येणार नाही. तिच्यामुळे जुन्या, प्रतिष्ठित संस्थांनीच सर्व निधी अडवून ठेवण्यास आळा बसतो आणि ज्यांना पूर्वी कोणी दारात उभे केले नाही, अशा गटांना प्रवेश मिळतो. बृहद् लंडन परिषदेने १९८१ नंतर समुदाय-कलेसाठी स्वतंत्र उपसमिती नेमून असे पुष्कळ गट पुढे आणले. परंतु ३१ मार्च १९८६ रोजी ती परिषदच विसर्जित झाली आणि त्यांपैकी अनेकांचा मुख्य आधार तुटला.

दोष नवीनतेत नाही, ती एकमेव कसोटी होण्यात आहे. ज्या गटाचा वस्तीशी संबंध तिसऱ्या वर्षी कोठे दृढ होऊ लागतो, त्यास त्याच वर्षी ‘आता तुम्ही नवीन नाही’ असे ऐकावे लागते. मग तेच काम नवे नाव देऊन अर्जात मांडले जाते. अर्जाची भाषा बदलत राहते, काम तेच राहते. किंवा, जे अधिक अनिष्ट, अर्जाच्या भाषेमागे कामही वाहत जाते.

या विवेचनाचा महाराष्ट्राशी संबंध आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९२ च्या अधिनियमाने, भारतीय संविधानात बारावी अनुसूची आली. तिच्या तेराव्या नोंदीत सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक अंगांचे संवर्धन हा विषय नागरी संस्थांच्या कक्षेत घेतला आहे. परंतु २४३-डब्ल्यू या अनुच्छेदानुसार राज्य विधिमंडळाला हे अधिकार ‘देता येतील’; ते दिलेच पाहिजेत, असे नाही. येथेही क्रियापद शक्यार्थीच आहे. पुणे महानगरपालिकेचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उभे राहिले, यावरून शक्यार्थातूनही भरीव कार्य होऊ शकते हे सिद्ध होते. पण वास्तू एकदा उभारली की टिकते. वस्तीतील गट दरवर्षी नव्याने उभारावा लागतो. म्हणून ज्या स्थानिक संस्थेस समुदाय-कलेला खरोखर साहाय्य करावयाचे असेल, तिने नव्यासाठी निधी राखून ठेवतानाच दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचा वाटाही पहिल्याच ठरावात नोंदवावा. कायद्याने जे केवळ ‘करता येईल’ म्हटले, त्याला ठरावाने निदान तीन वर्षांपुरते ‘केले पाहिजे’ असे रूप देणे तिच्या हाती आहे.