गोळीने डोकं जातं की दुखण्याने? मॉर्फिनबद्दलची भीती

माझ्या मामूंना आतड्याचा कॅन्सर होता. दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, दर चार तासांनी एक. तिसऱ्या दिवशी अस्रच्या नमाजमध्ये मामू दोनदा रकअत विसरले. "अफूची गोळी आहे ही, डोकं घेऊन जाणार," असं कुणीतरी म्हणालं आणि डॉक्टरांना न विचारताच घरच्यांनी गोळी बंद केली. रात्रभर मामू कण्हत होते. सकाळी वार विचारला तर तोही सांगता येईना.

म्हणजे गोळी बंद केली आणि डोकं आणखीच चालेनासं झालं. हे असं का?

मी शिक्षक आहे, म्हणून वर्गातलंच सांगतो. दात दुखत असलेल्या मुलाला सतराचा पाढा विचारून बघा. पाढा येत असतो, पण लक्ष सगळं दातात. कॅन्सरचं दुखणं तर रात्रंदिवस असतं. माणूस त्यातच अडकतो, झोप होत नाही, ऐकलेलं डोक्यात शिरतच नाही. मग आठवणार काय? त्यात केमोथेरपीचा थकवा आणि काळजी.

मॉर्फिनने सुस्ती येते, हे खरं आहे. सुरुवातीचे काही दिवस आणि डोस वाढवल्यावर पुन्हा काही दिवस पेशंट पेंगतो, बोलण्यात मागे पडतो. बहुतेकांची ही सुस्ती आठवडाभरात ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत लागतंच.

मामूंचा दुसरा प्रसंग वेगळा होता. गोळी पुन्हा सुरू होऊन महिना झाला होता, सगळं ठीक चाललं होतं. एका रात्री अचानक त्यांना खोलीत माणसं दिसू लागली. दिवसा बरे, रात्री बरळणं. तपासणीत लघवीचं इन्फेक्शन निघालं, अंगात पाणीही कमी झालेलं. अशा अचानक भ्रमाची कारणं बरीच असतात: ताप, तुंबलेली लघवी, साचलेली शौच, रक्तात वाढलेलं कॅल्शियम, झोपेच्या गोळ्या. कारण सापडलं तर पुष्कळदा भ्रम उतरतो.

मॉर्फिनमुळेही असं होऊ शकतं, विशेषतः किडनी कमजोर असेल तर. शरीरात मॉर्फिनपासून तयार होणारे घटक किडनीवाटे बाहेर जातात. ते साचले की भ्रम होतो, हातपाय झटके देतात. तेव्हा डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात, उदाहरणार्थ फेंटानिलची पट्टी देतात. (पट्टीवर गरम पिशवी ठेवू नका, औषध जास्त वेगाने अंगात जातं.) पेशंट हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा.

स्वतःहून एकदम गोळी थांबवणं धोक्याचं. शरीराला औषधाची सवय झालेली असते, त्यामुळे दुखणं उसळतं, शिवाय घाम, जुलाब, बेचैनी. याला व्यसन म्हणत नाहीत. "नशा हराम आहे ना?" हा प्रश्न मामींनी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारला होता. डॉक्टरांनी आजारासाठी दिलेली दवा नशेत मोजू नका, असं ते म्हणाले. रोजाची सूटही आजारी माणसाला आहेच.

मॉर्फिन प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे पेशंटना ते मिळणं फार अवघड झालं होतं. 2014 मध्ये कायद्यात बदल करून ही अडचण कमी करण्यात आली. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे. अशा ठिकाणी नुसतं "विसरतात" असं सांगून भागत नाही. केव्हापासून, दिवसा की रात्री, गोळी कधी घेतली, शौचाला कधी झाली, हे सगळं सांगावं लागतं.

आम्ही त्यासाठी शाळेची शंभर पानी वही केली होती. एकदा मामी दुपारी दोनची गोळी लिहायला विसरल्या, ते मामूंनीच दाखवून दिलं.