ओहोटीची वाट पाहणारे बंदर (लेखांक ६)

युद्धोत्तर जपानी सरकारने १९५३ साली नगरे व गावे एकत्र करण्याचा कायदा केल्यावर त्यांची ९,८६८ ही संख्या १९६१ पर्यंत ३,४७२ वर कशी आली, हे मागील लेखांकात सांगितलेच आहे. त्याच लाटेत, १९५६ च्या सप्टेंबरात, हिरोशिमा प्रांतातील तोमो हे पुरातन बंदर फुकुयामा शहराच्या हद्दीत सामील झाले आणि त्याचे स्वतंत्र दप्तर बंद पडले.

तोमोची थोरवी कोणाच्या सनदेने आलेली नव्हती. सेतो अंतर्समुद्रात भरतीचे पाणी पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून अशा दोन वाटांनी शिरते, ते दोन प्रवाह तोमोच्या आसपास एकमेकांस भेटतात, आणि ओहोटी लागताच तेच पाणी तेथून दोन्ही दिशांना परतू लागते. म्हणून शिडाच्या गलबताने भरतीबरोबर तोमोपर्यंत यावे, नांगर टाकून पाणी उलटण्याची वाट पाहावी, आणि मग ओहोटीवर स्वार होऊन उरलेला मार्ग कापावा, असा शतकानुशतकांचा रिवाज होता. खोळंबलेल्या खलाशांवर गावे गबर होतात, तसे तोमोही झाले. वखारी उठल्या, होमेइशु नावाचे औषधी मद्य सतराव्या शतकापासून तेथे गाळले जाऊ लागले, आणि कोरियाच्या राजाची वकिलात एदोला जाता-येता येथेच मुक्काम करू लागली. पाणी कितीही चढो वा उतरो, माल उतरविण्यास पायरी हाताशी असावी म्हणून बांधलेला दगडी घाट, १८५९ चा दीपस्तंभ, लाटा अडविणारे बांध, नाक्यावरील चौकी आणि गलबतांची बुडे जाळाने शेकून लाकूड पोखरणारी कीड मारण्याची जागा, ही जुन्या बंदराची पाचही अंगे अद्याप तेथे एकत्र आढळतात.

आगबोटीला मात्र ओहोटीची गरज नव्हती. १८९१ साली रेल्वे आली ती फुकुयामाला. तोमोसाठी १९१३ साली सुरू झालेली छोटी आगगाडीही १९५४ मध्ये बंद झाली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी गाव विलीन झाले.

पुढे मोटारींना अरुंद गल्ल्या पुरेनात, तेव्हा १९८३ मध्ये बंदराचा काही भाग भरून त्यावरून पूल नेण्याची योजना निघाली. तिचे समर्थक केवळ बाहेरचे नव्हते. गावातील पुष्कळांना तो रस्ता हवा होता, आणि दारातून रुग्णवाहिका वळत नाही अशा गृहस्थास सौंदर्यशास्त्र शिकविणे मला तरी उद्धटपणाचे वाटते. परंतु भरावाची परवानगी मागणाऱ्यांत फुकुयामा शहर स्वतःच असल्यामुळे, आणि तोमोची स्वतःची नगरसभा उरली नसल्यामुळे, विरोधी रहिवाशांना व्यक्तिशः फिर्यादी व्हावे लागले. २००९ च्या ऑक्टोबरात हिरोशिमाच्या जिल्हा न्यायालयाने देखाव्याचा उपभोग हे कायद्याने रक्षणीय हित मानून राज्यपालांना परवाना देण्यास मनाई केली. २०१२ मध्ये नव्या राज्यपालांनी पुलाऐवजी डोंगरातून बोगदा काढण्याचा पवित्रा घेतला, २०१६ साली दावा मिटला, आणि पुढच्याच वर्षी जुन्या वस्तीची राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रांत निवड झाली. आता तिच्या जतनाची जबाबदारी त्याच शहराकडे आहे, ज्याने एके काळी तिच्यासमोरील पाणी बुजविण्यासाठी अर्ज केला होता.